हाउई रोझमन यांना ठेवायचं की काढायचं? जानेवारी २०२१ मधल्या ईगल्सचं प्रकरण

३ जानेवारी २०२१ ला अमेरिकन फुटबॉलमधला फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ हंगामातला शेवटचा सामना वॉशिंग्टनशी खेळत होता. चौथ्या सत्रात संघ फक्त तीन गुणांनी मागे होता. तेवढ्यात प्रशिक्षक डग पीडरसन यांनी नवखा क्वार्टरबॅक (चेंडू टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जेलन हर्ट्सला बाहेर बसवलं आणि क्वचितच खेळणाऱ्या नेट सडफेल्डला मैदानात उतरवलं. ईगल्स २०-१४ ने हरले. हंगामाचा हिशेब झाला ४ विजय, ११ पराभव आणि १ बरोबरी. त्या पराभवामुळे पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीतली, सहावी पसंती ईगल्सच्या पदरात पडली. सामना मुद्दाम सोडला असं अर्धी अमेरिका म्हणत होती आणि फिलाडेल्फियात लोक संतापले होते. आठ दिवसांनी, ११ जानेवारीला, मालक जेफ्री लुरी यांनी पीडरसन यांना काढलं. शहराला पहिला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून देऊन पीडरसन यांना तीन वर्षंही झाली नव्हती.

खेळाडूंची निवड आणि करार बघणारे जनरल मॅनेजर हाउई रोझमन यांना मात्र लुरी यांनी ठेवलं.

या प्रकरणाचा प्रश्न तेवढाच आहे: त्या दिवशी जे माहीत होतं त्याच्या आधारावर हा निर्णय बरोबर होता का? पुढे काय झालं ते आज सगळ्यांना माहीत आहे. पण संघबांधणी करणाऱ्या माणसाचा न्याय करताना निकाल आधी बघून मग कारणं शोधायची सवय लागली की आपण काहीच शिकत नाही. म्हणून आधी जानेवारी २०२१ मध्ये टेबलावर काय होतं ते मांडतो आणि त्यानंतरची चार वर्षं नंतर उघडतो.

खेळाचे नियम, थोडक्यात

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. बत्तीस संघ, प्रत्येकाच्या मुख्य पथकात ५३ खेळाडू. आयपीएल बघणाऱ्याला यातलं अर्धं ओळखीचं वाटेल, कारण तिथल्या पर्ससारखी इथेही सगळ्या संघांना खर्चाची एकच मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. मोठा फरक असा की महाविद्यालयातून येणाऱ्या तरुणांवर बोली लागत नाही. मागच्या हंगामात सर्वात वाईट खेळलेला संघ आधी निवडतो, विजेता शेवटी, आणि अशा सात फेऱ्या होतात. या पसंतींची संघ आपसात देवघेव करू शकतात, अगदी पुढच्या वर्षांच्या पसंतींचीसुद्धा. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षं जवळपास ठरलेला आणि स्वस्त असतो. म्हणून चांगला क्वार्टरबॅक या स्वस्त करारावर मिळाला तर बाकी संघासाठी केवढा तरी पैसा मोकळा होतो.

आणखी एक बाब समजून घ्यावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. खेळाडूला करार करताना मोठा बोनस रोख मिळतो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून लिहिता येतो. खेळाडू मध्येच गेला तर उरलेले सगळे हप्ते वहीत एकदम अंगावर येतात. संघात नसलेल्या माणसासाठी अडकलेल्या या रकमेला डेड मनी म्हणतात. बोनसचा हा खेळ रोझमन यांच्याइतका सराईतपणे फार थोडे लोक खेळतात, आणि त्यासाठी आज रोख रक्कम ओतायला तयार असलेला लुरी यांच्यासारखा मालकही लागतो.

आरोपपत्र

रोझमन कधी खेळाडू नव्हते, खेळाडू हेरणाऱ्या शोधपथकात वाढलेलेही नव्हते. फोर्डहॅममधून कायदा शिकलेला हा तरुण २००० मध्ये ईगल्सकडे इंटर्न म्हणून आला, करार आणि कॅपच्या कामात मुरला आणि २०१० मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, लीगमधला सर्वात तरुण जनरल मॅनेजर झाला. “याला खेळाडू ओळखता येत नाही, हा आकडेवाला” हा आरोप त्यांच्या पाठी तेव्हापासून आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्या आरोपाला भरपूर पुरावा होता.

२०११ मध्ये पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स हा सव्वीस वर्षांचा, अग्निशमन दलात काम केलेला खेळाडू घेतला. तो चालला नाही. २०१४ मध्ये पहिल्या फेरीत मार्कस स्मिथ, तोही नाही. २०१९ मध्ये अँड्रे डिलार्डसाठी पसंत्या खर्चून वर सरकले, त्याला क्वार्टरबॅकच्या रक्षणाची डावीकडची टॅकलची जागा कधी पक्की करता आली नाही. त्याच वर्षी ५७ व्या क्रमांकावर पास झेलणारा वाइड रिसीव्हर जे. जे. आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला, सात जागा पुढे, ६४ वर, सिॲटलने डी. के. मेटकाफ उचलला. पहिला लवकरच बाजूला पडला, दुसरा लीगमधल्या सर्वात धोकादायक रिसीव्हरपैकी एक झाला.

मग एप्रिल २०२०. ईगल्सची पसंती २१ वी. त्यांनी टीसीयू विद्यापीठाचा वेगवान रिसीव्हर जेलन रेगर निवडला. पुढच्याच पसंतीला, २२ वर, मिनेसोटा व्हायकिंग्जनी एलएसयू विद्यापीठाचा जस्टिन जेफरसन घेतला. पहिल्या हंगामात रेगरने ३१ झेल आणि ३९६ यार्ड केले. जेफरसनने ८८ झेल आणि १४०० यार्ड. एका जागेच्या फरकात इतकी मोठी तफावत कुठल्याही चाहत्याच्या छातीत रुतून बसेल. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत आणि नदीपलीकडच्या दक्षिण न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या, क्रिकेटबरोबर हाही खेळ आपला मानलेल्या मराठी चाहत्यांतही ही जखम अजून निघते.

सर्वात वजनदार आरोप कार्सन वेंट्झचा. २०१६ मध्ये रोझमन यांनी दोन टप्प्यांत वर सरकत दुसरी पसंती मिळवली आणि वेंट्झला निवडलं. २०१७ मध्ये तो १३ सामन्यांत ३३ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकून सर्वोत्तम खेळाडूच्या शर्यतीत होता. डिसेंबरात गुडघा गेला. जून २०१९ मध्ये रोझमन यांनी त्याच्याशी १२.८ कोटी डॉलरची चार वर्षांची करारवाढ केली, त्यातले दहा कोटींहून जास्त हमीचे. २०२० मध्ये तो कोसळला: बारा सामन्यांत १६ टचडाउन, १५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), ५० सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं जाणं). ६ डिसेंबरला ग्रीन बेच्या सामन्यात त्याला बसवून हर्ट्सला आणलं गेलं. म्हणजे नवा करार प्रत्यक्ष सुरू व्हायच्या तोंडावरच खेळाडू संपल्यात जमा झाला होता. भरीला महामारीमुळे २०२१ ची कॅप आदल्या वर्षीच्या १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटी डॉलरवर घसरणार होती आणि ईगल्सचे करार त्या रेषेच्या कितीतरी वर गेलेले होते. पथक वयस्क झालं होतं. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनवर ३८ वर्षांचा जेसन पीटर्स खेळत होता.

हे सगळं एका कागदावर ठेवलं तर कुठलाही मालक म्हणेल, पुरे झालं.

त्याच ड्राफ्टमधले दोन निर्णय

मला या आरोपपत्रातली रेगरची ओळ सर्वात कमकुवत वाटते, आणि सर्वात जास्त उगाळली गेलेली ओळही तीच आहे.

रेगर का घेतला याला कारण होतं. २०१९ च्या ईगल्सकडे वेगाने दूर धावून मैदान ताणणारा रिसीव्हर उरला नव्हता. जेफरसनने शेवटच्या वर्षी १११ झेल घेतले होते, पण बहुतेक वेळ तो स्लॉटमधून, म्हणजे आतल्या बाजूने खेळला होता. बाहेर एकट्या बचावपटूसमोर तो कसा टिकेल याचा पुरावा कमी होता. रेगर बाहेरचा वाटत होता. विचार चुकीचा ठरला. पण त्या रात्री रेगरच्या आधी तीन रिसीव्हर घेतले गेले होते, आणि त्या तिन्ही संघांनीही जेफरसनला सोडलं होतं.

अर्थतज्ज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी एनएफएलच्या ड्राफ्टचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला होता. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना ५२ टक्के आढळली. नाणं उडवल्यापेक्षा थोडीशीच बरी. रेगर आणि जेफरसन हे त्या तुलनेचं अगदी शुद्ध उदाहरण: एकाच जागेचे, लागोपाठ घेतलेले. ज्या प्रश्नात जगातले सर्वोत्तम परीक्षकही ५२ टक्क्यांवर थांबतात, त्या प्रश्नाच्या एका उत्तरावरून माणसाची नोकरी ठरवणं मला न्याय्य वाटत नाही. मेटकाफ आणि जेफरसन दोन्ही एकत्र ठेवल्यावर मात्र एक गोष्ट दिसते आणि ती मान्य करायलाच हवी: रिसीव्हरच्या बाबतीत ईगल्सची निवडपद्धत सदोष होती. गरज कुठली आहे ते आधी ठरवायचं आणि मग त्या साच्यात बसणारा खेळाडू शोधायचा, हा तो दोष. एक चूक क्षम्य, पण तीच रीत दोन वर्षं चालली तर ती मॅनेजरची.

आता त्याच ड्राफ्टमधला दुसरा निर्णय. दुसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर, रोझमन यांनी जेलन हर्ट्स घेतला. वेंट्झला दहा कोटींची हमी देऊन वर्षही उलटलं नव्हतं. टीकेचा पाऊस पडला. या पसंतीत मैदानावर लगेच उतरणारा एखादा माणूस आला असता, राखीव क्वार्टरबॅकवर दुसरी फेरी कोण जाळतं, असा सूर होता. हर्ट्स आला म्हणून वेंट्झ खचला, असंही जानेवारी २०२१ पर्यंत लोक म्हणू लागले होते.

पण त्या निर्णयामागचं गणित बघा. वेंट्झ डिसेंबर २०१७ मध्ये गुडघ्यामुळे गेला, डिसेंबर २०१८ मध्ये पाठीमुळे, आणि जानेवारी २०२० मध्ये सिॲटलविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात डोक्याला मार लागून. पहिल्या वेळी बदली म्हणून निक फोल्स होता; त्याने सुपर बोल जिंकून दिला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. शेवटच्या वेळी बदली म्हणून चाळीस वर्षांचा जॉश मॅककाउन होता. संघ १७-९ ने हरला. तीन हंगामांत तीनदा दुसऱ्या माणसाची गरज पडली होती आणि तो दुसरा माणूस कोण आहे यावर हंगामाचा शेवट ठरला होता. अशा संघाने दुसऱ्या क्वार्टरबॅकवर चार वर्षांत मिळून साधारण साठ लाख डॉलर खर्च करणं हा विमा होता, आणि स्वस्त विमा होता. हर्ट्स मोठा खेळाडू होईल हे रोझमन यांना माहीत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की वेंट्झवर सगळं लावून बसणं धोक्याचं आहे, आणि १२.८ कोटींवर सही केल्यानंतरही त्यांनी ते स्वतःशी कबूल केलं. बहुतेक मॅनेजरांना हे जमत नाही. स्वतःच्या सर्वात मोठ्या निर्णयाला पर्याय उभा करणं म्हणजे त्या निर्णयावर शंका घेतल्यासारखं दिसतं, आणि ते दिसू नये म्हणून संघच्या संघ बुडवले गेले आहेत.

आधीची वही

जानेवारी २०२१ मध्ये लुरी यांच्यासमोर आणखी एक पुरावा होता, ज्याकडे चाहत्यांचं लक्ष नव्हतं. रोझमन यांनी आधी एकदा मोडलेलं पथक दुरुस्त केलं होतं.

२०१५ च्या सुरुवातीला लुरी यांनी खेळाडूंवरचा अधिकार रोझमन यांच्याकडून काढून प्रशिक्षक चिप केली यांना दिला. केली यांनी लशॉन मॅककॉयला बफेलोला देऊन किको अलोन्सो आणला, बायरन मॅक्सवेल आणि डिमार्को मरे यांच्यावर मोठे करार केले. डिसेंबर संपायच्या आत केली गेले आणि रोझमन परतले. आल्या आल्या त्यांनी मॅक्सवेल, अलोन्सो आणि १३ वी पसंती मायामीला देऊन आठवी पसंती घेतली, मरेला टेनेसीकडे पाठवलं, आणि आठवरून क्लीव्हलंडशी सौदा करून दोनवर सरकले. दुसऱ्या माणसाच्या चुका गिऱ्हाईक शोधून विकल्या, आणि त्यातून वेंट्झ आला.

त्यानंतरचा सौदा मला त्याहून आवडतो. वेंट्झ असताना संघातला आधीचा क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड याची किंमत कमी होणार होती. ऑगस्ट २०१६ च्या शेवटी मिनेसोटाचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर सरावात गंभीर जखमी झाला. काही दिवसांतच ब्रॅडफर्ड मिनेसोटात होता आणि ईगल्सकडे त्यांची २०१७ ची पहिल्या फेरीची पसंती. त्या पसंतीतून डेरेक बार्नेट आला. ४ फेब्रुवारी २०१८ ला मिनेॲपोलिसमध्ये, सुपर बोलच्या शेवटच्या मिनिटांत, ब्रँडन ग्रॅहमने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला तेव्हा तो झडप घालून उचलणारा बार्नेटच होता. ईगल्स ४१-३३ ने जिंकले. ग्रॅहम हाही रोझमन यांचा २०१० मधला पहिल्या फेरीचा खेळाडू, ज्याला कित्येक वर्षं शहराने फसलेली निवड म्हणून हिणवलं होतं.

ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची नावं बाजूला ठेवली तर वहीत आणखी काही दिसतं. २०११ च्या सहाव्या फेरीतला जेसन केल्सी. २०१३ मधला लेन जॉन्सन. २०१८ मध्ये पहिल्या फेरीची पसंती विकून मागे सरकल्यावर मिळालेले डॅलस गोडर्ट आणि अवॉन्ते मॅडॉक्स, त्याच ड्राफ्टमधला जॉश स्वेट, आणि सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर, कधीच हा खेळ न खेळलेला ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू जॉर्डन माइलाटा. माइलाटाला घडवण्याचं श्रेय लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांचं. पण स्टाउटलंड यांच्यासारख्या माणसाला अशी माती पुरवायची हे कळणं, ही मॅनेजरची कामगिरी आहे.

म्हणून माझा निवाडा, जानेवारी २०२१ च्या माहितीवर: रोझमन यांना ठेवणं बरोबर होतं. मॅनेजरच्या हातात नेमकं काय असतं, तर सौद्याची किंमत, कराराची रचना, आणि चुकलेल्या खेळाडूपासून किती लवकर, किती कमी नुकसानात सुटता येतं. या तिन्हींत त्यांच्यासारखा माणूस बाजारात नव्हता. खेळाडू ओळखण्यात ते सरासरीच्या आसपास होते, काही जागांवर खाली. पहिल्या तीन गोष्टी वर्षानुवर्षं पुन्हा करता येतात. चौथीत नशीब फार मोठं असतं, आणि तिची पद्धत सुधारता येते.

अट एकच असायला हवी होती: पद्धत सुधारली का ते पुढच्या ड्राफ्टमध्ये दिसलं पाहिजे.

वेंट्झ विकला तेव्हा

फेब्रुवारी २०२१ मध्ये वेंट्झ इंडियानापोलिस कोल्ट्सकडे गेला. तिथले प्रशिक्षक फ्रँक राइक यांनी २०१७ मध्ये ईगल्सच्या ऑफेन्सची धुरा सांभाळली होती. वेंट्झच्या सर्वोत्तम वर्षावर विश्वास असलेला जगातला बहुधा सर्वात उत्सुक ग्राहक. बदल्यात २०२१ ची तिसऱ्या फेरीची पसंती आणि २०२२ ची दुसऱ्या फेरीची, जी वेंट्झ पुरेसा खेळला तर पहिल्या फेरीची होणार होती. ईगल्सच्या वहीत ३.३८ कोटी डॉलर डेड मनी पडला. एका खेळाडूसाठी तोपर्यंतचा लीगमधला हा सर्वात मोठा आकडा, आणि आक्रसलेल्या कॅपचा जवळजवळ साडेअठरा टक्के. तो पुढच्या वर्षांवर ढकलण्याची सोय असती तरी, माझ्या मते, एका कडू वर्षात गिळणंच योग्य होतं. तसंच झालं.

त्या दोन पसंत्यांचं पुढे काय झालं ते सावकाश वाचण्यासारखं आहे. २०२१ च्या ड्राफ्टआधी सहावी पसंती मायामीला देऊन ईगल्स १२ वर गेले आणि २०२२ ची आणखी एक पहिली फेरी मिळवली. मग बारावरून दहावर सरकण्यासाठी वेंट्झच्या सौद्यातली तिसरी फेरी डॅलसला दिली. हाती आला रिसीव्हर डेव्होंटा स्मिथ.

वेंट्झ कोल्ट्सकडे पुरेसा खेळला. २०२२ ची ती पसंती पहिल्या फेरीची, १६ वी, झाली. ती, सोबत १९ वी आणि एक सहाव्या फेरीची पसंती न्यू ऑर्लिन्सला दिली. बदल्यात १८ वी, १०१ वी, सातव्या फेरीची एक, २०२३ ची पहिली फेरी आणि २०२४ ची दुसरी फेरी. ड्राफ्टच्या रात्री १८ आणि १०१ टेनेसीला देऊन रिसीव्हर ए. जे. ब्राउन आला, चार वर्षांच्या १० कोटींच्या करारासह. न्यू ऑर्लिन्सची २०२३ ची पसंती दहावी निघाली; त्यातून एक जागा वर सरकून बचावपटू जेलन कार्टर मिळाला. २०२४ ची दुसरी फेरी, आणखी पसंत्यांसह, वॉशिंग्टनला देऊन ४० व्या क्रमांकावर बचावपटू कूपर डीजीन आला.

एका कोसळलेल्या खेळाडूच्या धाग्यातून स्मिथ, ब्राउन, कार्टर आणि डीजीन. प्रत्येक गाठीत इतर पसंत्याही मिसळल्या आहेत, म्हणून “एकाचे चार केले” म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण धागा खरा आहे.

पद्धतही बदलली. स्मिथ आणि लँडन डिकरसन अलाबामा विद्यापीठाचे. पुढच्या दोन वर्षांत जॉर्डन डेव्हिस, नकोबे डीन, कार्टर, नोलन स्मिथ आणि केली रिंगो हे सगळे जॉर्जिया विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेत्या संघांतले. सर्वात कठीण सामन्यांत, सर्वात चांगल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर दिसलेले खेळाडू. आणि रिसीव्हरच्या बाबतीत, ज्या जागेवर आपण चुकतो हे सिद्ध झालं होतं, तिथे त्यांनी एनएफएलमध्ये स्वतःला सिद्ध केलेला माणूस पूर्ण किंमत मोजून विकत घेतला. ब्राउनने पहिल्याच हंगामात १४९६ यार्ड केले, ईगल्सच्या इतिहासातला तोवरचा विक्रम. रेगर त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, विकला गेला होता. गिऱ्हाईक होतं मिनेसोटा.

ब्राउनच्या सौद्याची दुसरी बाजू टेनेसीत दिसली. ४ डिसेंबर २०२२ ला टायटन्स फिलाडेल्फियात ३५-१० ने हरले, ब्राउनने जुन्या संघाविरुद्ध दोन टचडाउन केले. दोन दिवसांनी टायटन्सचे जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन यांची नोकरी गेली.

निकाल, आणि त्यातलं श्रेय

२०२२ मध्ये ईगल्स १४-३ खेळून सुपर बोलला गेले आणि कॅन्सस सिटीकडून ३८-३५ ने हरले. २०२३ मध्ये १०-१ अशी सुरुवात करून संघ ११-६ वर घसरला आणि प्लेऑफमध्ये टॅम्पा बेने ३२-९ ने झोडपला. २०२४ मध्ये पुन्हा १४-३, आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्सस सिटीवर ४०-२२. डीजीनने आपल्या बाविसाव्या वाढदिवशी इंटरसेप्शन परतवून टचडाउन केला. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याला सहा वेळा सॅक केलं, तेही ब्लिट्झ न करता, म्हणजे फक्त पुढच्या फळीच्या बळावर. सर्वोत्तम खेळाडू हर्ट्स.

हे सगळं रोझमन यांच्या खात्यावर टाकायचं का? नाही. झॅक बॉन एका वर्षाच्या ३५ लाख डॉलरच्या करारावर आला होता, न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचं काम मुख्यतः स्पेशल टीम्सवर (चेंडूला लाथ मारायच्या वेळी उतरणारी पथकं) होतं. त्याला बचावाच्या मधल्या फळीतला आतला लाइनबॅकर करून ऑल-प्रो, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, बनवलं ते बचावाचे प्रशिक्षक विक फँगिओ यांच्या बचाव यंत्रणेने. स्वस्त दरात दहा पर्याय गोळा करायचे आणि त्यातला एखादा फुलेल अशी वाट बघायची, एवढी मॅनेजरची बाजू. सॅकॉन बार्कलीचा तीन वर्षांचा ३.७७५ कोटींचा करार मात्र पूर्णपणे रोझमन यांचा. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचा बाजार पडलेला होता आणि लीगमधल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनपैकी एक आधीच तयार होती. त्यामागे बार्कली २००५ यार्ड धावला.

नशीबही मोजायला हवं. राइक यांच्यासारखा ग्राहक मिळाला नसता, न्यू ऑर्लिन्स पुढची वर्षं गहाण ठेवायला तयार झालं नसतं, तर हा धागा इतका लांब गेला नसता. उत्सुक ग्राहक ओळखणं हे कौशल्य आहे. तो अस्तित्वात असणं हे नाही. शिवाय ही सगळी रचना उधारीवर उभी आहे. बोनस पुढच्या वर्षांत ढकलण्यासाठी ईगल्स करारात नावापुरती जादा वर्षं लिहितात. खेळाडू गेला की ती रक्कम वहीत उतरते. कॅप दरवर्षी वाढत असेपर्यंत हे परवडतं. २०२१ सारखी घसरण पुन्हा आली तर सर्वात आधी चटका याच संघाला बसेल.

आणि चुका थांबल्या नाहीत, हेही नोंदवायला हवं. बार्कली आणि बॉन आले त्याच मार्च २०२४ मध्ये बचावपटू ब्राइस हफशी तीन वर्षांचा ५.१ कोटींचा करार झाला, त्या उन्हाळ्यातल्या मोठ्या खरेदींपैकी एक. फँगिओ यांच्या रचनेत तो बसलाच नाही. हंगामात त्याचे फक्त अडीच सॅक झाले, आणि सुपर बोलच्या दिवशी तो तंदुरुस्त असूनही पथकाबाहेर होता. रोझमन यांनी त्याला दुसऱ्या वर्षाची संधी देऊन स्वतःचा करार वाचवायचा प्रयत्न केला नाही. काही महिन्यांतच हफ सॅन फ्रान्सिस्कोला गेला, एका मधल्या फेरीच्या सशर्त पसंतीच्या बदल्यात.